पाव फेऱ्याचं शहाणपण

शिलाई मशीन बिघडलं की लोक मिस्त्रीला बोलवायचे, आणि मिस्त्री आला की आधी मशीनकडे बघायचाच नाही. तो शिवलेलं कापड मागायचा. टाके सुटलेत की गोळा झालेत, खालचा दोरा वर डोकावतोय का, हे कापड उलटंसुलटं करून बघायचा आणि म्हणायचा, "मशीन बरं आहे, तुमचा हात जड आहे." घरची बाई चिडायची. मग तो बॉबिनच्या डबीवरचा मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, एक ओळ शिवून बघायचा, पुन्हा पाव फेरा. एकदम अर्धा फेरा फिरवणाऱ्याला तो कारागीरच मानत नसे. "आपण काय करतोय ते मशीनला कळू द्यायचं नाही," असं तो सांगायचा, आणि हे वाक्य त्याला इतकं आवडायचं की ऐकणारा बदलला की पुन्हा म्हणायचा.

एकतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. कशाने गेल्या ते शेवटपर्यंत धड कळलं नाही. लग्न व्हायचं होतं, ते राहूनच गेलं. घरात मोठी बहीण, ताई. ती त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, नवरा लवकर गेलेला, शाळेच्या ऑफिसात कारकून. तपासण्या झाल्या, तिची किडनी जुळली, आणि ती एका शब्दाने कुरकुरली नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एवढंच म्हणाली, "लहानपणी याने माझी कंपासपेटी नेली ती अजून परत केलेली नाही. ही तर आता विसराच."

त्या दिवसापासून ताईने भावाची तब्येत विचारणं सोडून दिलं. घरी आली की चप्पल काढता काढता विचारायची, "काय म्हणते माझी?" मिस्त्री म्हणायचा, "मजेत आहे. तुझ्याकडे होती त्यापेक्षा कमी बोलणी खाते."

ताईची किडनी पहिल्या दिवसापासून कामाला लागली. पण तिच्याबरोबर गोळ्या आल्या. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, जन्मभर. किडनीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला फटकळ पण समजावून सांगणाऱ्या. त्यांनी सांगितलं होतं, "तुमच्या अंगात पहारेकरी आहेत. परका दिसला की मारायचं, एवढंच त्यांना ठाऊक. किडनी बहिणीची असली तरी त्यांच्या लेखी ती परकीच. या गोळ्या त्यांना गुंगीत ठेवतात. गोळी चुकली की ते जागे झालेच म्हणून समजा."

गोळ्यांनी किडनी राखली, पण हात नेले. बोटांना बारीक थरथर सुटली. कप धरला की चहा बशीत. सुईच्या नेढ्यात दोरा ओवायला जावं तर दोरा सगळीकडे जायचा, नेढं सोडून. बॉबिनच्या डबीवरचा तो स्क्रू एकदा हातातून सुटला की गिऱ्हाइकासकट सगळ्यांनी फरशीवर रांगायचं. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाचा मालक एकदा अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मिस्त्री, पुढच्या वेळी तुमच्या हाताखालच्या कुणाला पाठवा." मिस्त्रीच्या हाताखाली कुणी नव्हतं. होते ते दोन हात, आणि तेच ऐकत नव्हते.

सहा वर्षं त्याने हे सोसलं. मग एके दिवशी, एका शिंपिणीच्या घरी स्क्रू तिसऱ्यांदा पडला तेव्हा, त्याच्या डोक्यात आलं की गोळ्यासुद्धा पाव फेऱ्याने कमी करता येतील. शरीराला कळू द्यायचं नाही.

आता हे खूळच होतं, आणि खूळ आहे हे त्यालाही कुठेतरी माहीत असावं, नाहीतर त्याने ते ताईपासून लपवलं नसतं. ब्लेडने तो गोळीचे चार तुकडे करायचा. सहा महिने पाऊण गोळी, सहा महिने अर्धी, सहा महिने पाव. मग एक दिवसाआड. उरलेले तुकडे मोडक्या सुयांच्या डब्यात टाकायचा आणि डबा कचऱ्यात रिकामा करायचा. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात रक्त द्यावं लागे, तेव्हा आधी चार दिवस इमानदारीत पूर्ण गोळ्या, म्हणजे रक्तात औषध सापडायचं. दोन वर्षांनी गोळ्या बंद झाल्या. किडनी जिथल्या तिथे. पहारेकरी काही बोलले नाहीत. हात मात्र असे स्थिर झाले की तो एका दमात चार मशीनच्या सुया ओवू लागला, आणि कपड्यांच्या दुकानाच्या मालकासमोर त्याने तो स्क्रू मुद्दाम दोन वेळा काढून दोन वेळा बसवला.

गुपित पोटात ठेवणं एक वेळ जमतं. आपण शोधून काढलेलं शहाणपण पोटात ठेवणं जमत नाही.

दवाखान्याच्या बाकड्यावर त्याची पेंटरशी दोस्ती होती. पेंटर काचेवर अक्षरं रंगवायचा. दाताच्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, चष्म्याच्या दुकानांच्या दारांवर. छापील स्टिकरांनी त्याचा निम्मा धंदा खाल्ला होता, पण ज्यांना खरं सोनेरी अक्षर हवं ते अजून त्याच्याकडेच यायचे. वयाने मिस्त्रीहून आठ वर्षांनी लहान. त्याला आईची किडनी बसवली होती. गोळ्या त्याच, थरथर तीच. दवाखान्याच्या दारातला चहावाला दोघांना न सांगता अर्धाच कप भरून द्यायचा, कारण पूर्ण भरला की सांडायचाच. दोघं एकमेकांच्या हातांवर विनोद करत तो अर्धा चहा प्यायचे.

एका मंगळवारी पेंटरने बघितलं, मिस्त्रीचा कप काठोकाठ भरलेला होता आणि त्यात लाटसुद्धा उठत नव्हती.

"तुझा कप भरलेला आहे," पेंटर म्हणाला.

"हो."

"कसा काय?"

मिस्त्रीने इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं. एवढंच सांगून थांबला असता तरी चाललं असतं. पण नाही. ब्लेड कसं धरायचं, किती महिन्यांनी किती कमी करायचं, तपासणीच्या आधी काय करायचं, सगळं पद्धतशीर शिकवलं. "घाई करायची नाही," तो वडीलधाऱ्यासारखा म्हणाला. "पाव पाव फेरा. शरीराला कळू द्यायचं नाही."

पेंटरने घाई केली नाही. हेच पुढे मिस्त्रीला सगळ्यात जास्त टोचलं. त्याने घाई केली असती, वेडंवाकडं काही केलं असतं, तर मिस्त्रीला म्हणता आलं असतं की माझं ऐकलं नाही. त्याने अक्षरन् अक्षर ऐकलं.

पुढे दीड वर्षाने मिस्त्रीचं बिंग फुटलं. रक्ताचा एक नमुना दवाखान्यात खराब झाला, म्हणून दोन आठवड्यांनी त्याला अचानक बोलावून घेतलं. चार दिवसांची तयारी करायला सवडच मिळाली नाही. रक्तात औषधाचा मागमूस नाही. डॉक्टरीणबाईंनी ताईला फोन करून बोलावलं आणि दोघांना समोर बसवलं.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पूर्ण बंद करून दोन वर्षं झाली," मिस्त्री म्हणाला.

ताईने मांडीवरची फाईल उचलली आणि सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यात हाणली. "माझी आहे ती," ती म्हणाली. "तुझ्या बापाची नाही."

"बाप एकच आहे गं," मिस्त्री पुटपुटला. ताईचे डोळे भरून आले होते, आणि तिच्या डोळ्यांत पाणी त्याने ऑपरेशनच्या वेळीही बघितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या त्याचे जुने कागद पुन्हा पुन्हा चाळत होत्या. मग म्हणाल्या, "असं होतं. फार क्वचित होतं. मी आतापर्यंत एक पेशंट पाहिला होता, तुम्ही दुसरे. काहींच्या अंगात पहारेकऱ्यांमध्येच थोडे समजूतदार तयार होतात. ते बाकीच्यांचा हात धरतात; म्हणतात, राहू दे, हा घरचाच आहे. मग किडनी गोळ्यांशिवाय सुखाने राहते. कुणाच्या अंगात हे होणार, का होणार, ते आधी ओळखायचं कसं, यावर जगभर डोकी खपताहेत. अजून कुणाला छातीठोक सांगता येत नाही."

"मी हळूहळू कमी केल्या ना," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात अजूनही थोडी ऐट होती. "पाव पाव करत."

"त्याचा काही संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखे हळूहळू कमी करणारे मी कितीतरी बघितलेत. त्यातले बहुतेक पलीकडच्या खोलीत डायलिसिसच्या खुर्चीत बसलेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. तुमच्या अंगात ते समजूतदार होते म्हणून तुम्ही वाचलात. तुमच्या ब्लेडमुळे नाही. आणि कृपा करून हे बाहेर बाकड्यावर कुणाला सांगू नका."

मिस्त्रीने त्याच क्षणी तोंड उघडून पेंटरचं नाव सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण समोर ताई बसलेली, अजून डोळे पुसणारी, आणि आत्ताच झालेली शोभा. आपण स्वतःच जाऊन पेंटरला सांगू, डॉक्टरांपर्यंत कशाला, असा विचार त्याने केला. माणूस भित्रा असला की त्याला असे सोयीस्कर विचार पटकन सुचतात.

तिथून तो तडक पेंटरकडे गेला. पेंटर एका वकिलाच्या नव्या ऑफिसच्या काचेवर काम करत होता. सोनेरी अक्षराची उतरती रेघ, केसासारखी बारीक, एका दमात वरून खाली. हात हलत नव्हता.

"गोळ्या सुरू कर. आजच, पूर्ण," मिस्त्री म्हणाला, आणि डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सगळं त्याने सांगितलं.

पेंटरने ब्रश खाली घेतला. "मी पाव गोळीवर आहे. मागच्या महिन्यात रक्त उत्तम आलं."

"माझंही उत्तमच यायचं. ते माझं नशीब होतं, पद्धत नव्हती."

"मग माझंही असेल."

"नसलं तर?"

पेंटर काचेकडे बघत राहिला. "सात वर्षांनी मी अशी रेघ मारतोय रे. एवढी काच होऊ दे. महिनाभराचं काम आहे. मग सुरू करतो, आईशपथ."

मिस्त्रीने दोनदा फोन केला, एकदा घरी जाऊन आला. डॉक्टरीणबाईंना मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. सातव्या आठवड्यात पेंटरचे पाय सुजले. किडनी थकली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन चौपट झालं होतं. इंजेक्शनं झाली, दवाखान्यात वीस दिवस काढले, पण पहारेकरी जागे झाले होते आणि त्यांनी काम पुरं केलं. आईची किडनी गेली.

मिस्त्रीची जागच्या जागी होती. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या डॉक्टरांशी बोलून त्याला गोळ्या दिल्याच नाहीत. दर पंधरा दिवसांनी रक्त तेवढं तपासायचं ठरलं. तपासणीला गेला की पलीकडच्या खोलीच्या काचेतून पेंटर दिसायचा, आठवड्यातून तीन वेळा चार चार तास खुर्चीत, दंडाला नळ्या. मिस्त्री आत जाऊन बसायचा. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म एकाचं होतं आणि नेलं दुसऱ्याचं. पेंटर त्याला कधी टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

एकदा तो म्हणाला, "आईला सांगू नकोस. मी गोळ्या सोडल्या ते. तिला वाटतंय तिची किडनी जुनी होती, म्हणून टिकली नाही. वाटू दे."

"ती स्वतःला दोष देत असेल."

"देऊ दे थोडा. तिने एवढं पोट फाडून दिलेली मी फेकून दिली, हे कळण्यापेक्षा ते बरं. वचन दे."

मिस्त्रीने वचन दिलं. कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होता?

डायलिसिस दीड वर्ष चाललं. मग नळीच्या जागेतून जंतू रक्तात गेले आणि पेंटर तीन दिवसांत गेला. शेवटपर्यंत त्याने आईला काही सांगितलं नाही.

पेंटरच्या आईला मिस्त्री मावशी म्हणायचा. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी पायाने चालवायचं जुनं मशीन. त्या उशांचे अभ्रे शिवून द्यायच्या. मुलगा गेल्यावर मिस्त्री दर महिन्याला जाऊन त्या मशीनला तेल द्यायचा. त्याला तेलाची काही गरज नव्हती. त्या मशीनला गेल्या वर्षभरात जेवढं तेल मिळालं तेवढं एखाद्या कारखान्याला पुरलं असतं. मावशींनाही ते कळत असणार. त्या चहा ठेवायच्या आणि दर वेळी तेच बोलायच्या.

"डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, साठीच्या माणसाची किडनी कमी टिकते. मुलगी तयार होती रे. तिचं वय अडतीस. म्हणत होती, आई, माझी घ्या. मीच म्हटलं, तुला लेकरं आहेत, आधी माझी. मोठा शहाणपणा केला. मुलाला सडकी वस्तू दिली मी."

मुलगी दुसऱ्या गावी असायची. अंत्यविधीच्या दिवशी ती एकच वाक्य बोलली होती, "मी देत होते, आई." त्यानंतर दोघींचं बोलणं म्हणजे पाऊसपाण्याच्या चौकशा. मावशी मुलासाठी रडल्याचं कुणी बघितलं नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, धीराची बाई आहे. मिस्त्रीला माहीत होतं, तो धीर नव्हता. ज्याला आपण मारलं असं वाटतं त्याच्यासाठी रडायची माणसाला लाज वाटते. हे त्याला स्वतःवरून कळत होतं.

शेवटी त्याने ताईला सगळं सांगितलं. पेंटरला शिकवलं ते, डॉक्टरीणबाईंसमोर गप्प बसला ते, वचनाचंही. ताई भाजी चिरत होती. चिरणं थांबलं.

"वचन कुणाला दिलंस?" तिने विचारलं.

"त्याला."

"आणि ते पाळल्याने कुणाचा जीव वाचतोय? त्याचा तर गेला. तिचा रोज जातोय. वाचतोयस तो तू."

"ती मला दारात उभं करणार नाही, ताई."

"नको करू दे," ताई म्हणाली. "मी तुला किडनी दिली तेव्हा वर्षभर भीत होते, माझी खराब निघाली तर. तुला बोलले नाही कधी. ती बाई त्या भीतीत राहतेय, आणि तिची भीती खरी ठरलीय असं तिला वाटतंय. जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री गेला. तेलाचा डबा पिशवीतून काढलाच नाही. मावशी खिडकीशी अभ्र्याची कड दुमडत बसल्या होत्या. तो समोरच्या स्टुलावर बसला आणि वाटेत ठरवून आलेलं सगळं विसरला. मग सुचेल तसं बोलत गेला. हातांची थरथर, ब्लेड, भरलेला कप, आपण शिकवलेली पद्धत, आपल्या अंगात ती का चालली आणि त्याच्या अंगात का नाही. काचेचं काम. सात आठवडे. मावशींचा कड दुमडणारा हात तसाच राहिला.

"डॉक्टरीणबाईंना मी नंतर सगळं सांगून विचारलं, मावशी," तो म्हणाला. "तुमची किडनी चांगली होती. पहिली सात वर्षं तिने कधी तक्रार केली नाही. गोळ्या चालू असत्या तर अजून आठ-दहा वर्षं सहज चालली असती. तिचा काही दोष नव्हता. माझा होता."

"त्याने मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि हे वाईट नव्हतं?" मावशींनी विचारलं.

मग अभ्रा बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ मी गोळ्या वाटीत काढून त्याच्या पुढ्यात ठेवायचे. घेतो का, ते बघायला कधी थांबले नाही. एवढा मोठा मुलगा, त्याला काय राखायचं." मिस्त्री घाबरला. एक ओझं उतरवायला आलो आणि दुसरं चढवलं, असं त्याला वाटलं. पण मावशी उठल्या, भिंतीशी जाऊन त्यांनी फोन लावला. पलीकडे मुलगी आली असावी.

"अगं, मी बोलतेय," मावशी म्हणाल्या. "ऐक. माझी चांगली होती." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो. आत्ता कळलं. माझी चांगली होती गं. सगळं सांगते, थांब जरा."

त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मिस्त्रीकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला कुठे उभं राहायचं ते कळलं असतं.

"सांगितलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आता जा. आणि पुन्हा येऊ नकोस."

"बरं," मिस्त्री म्हणाला. पिशवी उचलून त्याने दार हळूच ओढून घेतलं.

तो पहिल्या मजल्याच्या वळणावर होता तेव्हा वरून आवाज आला. मावशी मुलाचं लहानपणचं नाव घेऊन मोठमोठ्याने रडत होत्या. शेजारचं एक दार उघडलं, मग दुसरं. मिस्त्री कठड्याला धरून ऐकत उभा राहिला, आणि कुणी खाली यायच्या आत निघून गेला.